शब्द ऐकून उजळणारा दिवा

तोंडानें शब्द उच्चारावा आणि दिवा लागावा, ही गोष्ट आतां केवळ नवलकथेंतील राहिलेली नाहीं. मुंबईच्या उपनगरांतील पुष्कळ घरांत अशीं यंत्रें मेजावर बसलेलीं दिसतात, आणि सुटींत गांवीं येणारीं मुलें त्यांचें वर्णन करून आजोबांस चकित करतात. आमच्या वाचकांपैकीं अनेकांची एक चूल गांवीं व दुसरी बोरिवलीस, मुलुंडास किंवा घाटकोपरास आहे. सबब हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न फारसा कोणी करणार नाहीं. तरी प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. बाजारांतील तयार यंत्र कसें वापरावें हें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. डाख देण्याचें काम जाणणारा व लॅपटॉप चालविणारा एखादा मुलगा किंवा मुलगी घरांत असल्यास असा दिवा घरींच कसा करतां येतो, त्यांतील कोणतें काम सोपें व कोणतें कठीण, आणि तो गोठ्यांत टांगण्याच्या लायकीचा केव्हां होतो, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

गोठ्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दिवाणखान्यांत बसल्या जागेवरून दिवा लावणें ही चैन होय. परंतु पहांटे एका हातांत चरवी व दुसऱ्या काखेंत वैरणीची पेंढी घेऊन जो गोठ्याच्या उंबऱ्यावर उभा राहतो, त्याला बटण शोधण्यास तिसरा हात नसतो. तो अंधारांतच पाऊल टाकतो. इ. स. २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें मरण पावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणींत दिला आहे. आणि त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील आहेत. दिवा हें सर्पदंशावर औषध नव्हे. पण पाय ठेवण्यापूर्वीं जमीन दिसली तर कांहीं संकटें टळतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां अशा दिव्याची बुद्धि कोठें असावी, हा पहिला विचार. तयार यंत्रांत ऐकण्याचें काम घरांत होतें, परंतु समजण्याचें काम बहुतांशीं घराबाहेर होतें. आपला आवाज इंटरनेटच्या वाटेनें कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जातो, तेथें त्याचा अर्थ लागतो, आणि ‘लाग’ अशी आज्ञा उलट दिव्याकडे येते. मार्ग मोकळा असेपर्यंत हें सर्व क्षणांत घडतें. मार्ग तुटला कीं दिवा बहिरा. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरांतील वीज एकाएकीं गेली, लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि कांहीं भागांत कित्येक तास पुरवठा आला नाहीं. त्याच वर्षीं ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां तेथील पुष्कळ गांवांत वीज आणि मोबाइल हीं दोन्ही अनेक दिवस बंद होतीं. ज्या रात्रीं दिव्याची खरी गरज, त्याच रात्रीं इंटरनेटावर विसंबलेला दिवा निरुपयोगी ठरतो.

दुसरी गोष्ट घराच्या अब्रूची. गोठ्यांत आणि ओटीवर केवळ गुरांच्या गोष्टी होत नाहींत. कांदा कोणास द्यावयाचा, सोसायटीचें कर्ज किती राहिलें, भावांच्या वांटणींत विहीर कोणाकडे जावी, हीं बोलणीं तेथेंच होतात. सतत कान उघडा ठेवणारें आणि ऐकलेलें बाहेर धाडूं शकणारें यंत्र तेथें टांगावें कीं नाहीं, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. ॲमेझॉन कंपनीच्या एको यंत्रांपैकीं कांहीं थोड्यांत आवाज बाहेर न पाठवितां यंत्रांतच समजून घेण्याची जी सोय अमेरिकेंत होती, ती कंपनीनें २८ मार्च २०२५ पासून बंद केली. म्हणजे परक्याच्या यंत्रांतील सोय ही परक्याच्या मर्जीवर असते. आमच्या मतें गोठ्याच्या दिव्याची बुद्धि दिव्याच्याच पोटांत असली पाहिजे. त्याला इंटरनेटची जोडणीच देऊं नये.

हें शक्य आहे काय? मराठी बोल समजणाऱ्या यंत्राचा मोठा प्रयत्न मुंबईतच, आणि तोहि शेतकऱ्यासाठींच, झालेला आहे. इ. स. २०१० च्या पुढील दोनतीन वर्षांत देशांतील कांहीं शिक्षणसंस्थांनीं मिळून सहा भारतीय भाषांत शेतमालाचे भाव फोनवर सांगणारी योजना हातीं घेतली होती. शेतकऱ्यानें फोन करावा, पिकाचें व बाजाराचें नांव उच्चारावें, आणि यंत्रानें तेथील भाव बोलून दाखवावा, अशी ती कल्पना. तिच्यांतील मराठीचें काम पवईची आय. आय. टी. व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांजकडे होतें, आणि त्यासाठीं महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज गोळा करण्यांत आले. शहरांतील सुशिक्षितांचे आवाज जमविणें किती तरी सोपें झालें असतें. पण ज्याचें बोलणें समजून घ्यावयाचें त्याच्याच तोंडून शब्द घेतला पाहिजे, हें त्या मंडळींनीं ओळखलें होतें. त्या कामांत पिकांचीं, जिल्ह्यांचीं व बाजारांचीं शेंकडों नांवें ओळखावयाचीं असल्यामुळें फोनच्या पलीकडे समर्थ संगणक बसविणें भाग होतें. आपल्या दिव्यास शेंकडों शब्द नकोत, चारच पुरेत. आणि चार शब्दांपुरती बुद्धि आज काड्यापेटीएवढ्या फळीवर मावते.

घरीं दिवा जोडण्याविषयीं शंका असेल तर तिचेंहि उत्तर पवईसच आहे. तेथील आय. आय. टी.नें विद्यार्थ्यांसाठीं सौर दिव्यांची जी योजना चालविली, तींत दिवे कारखान्यांत पुरे न करतां सुटे भाग गांवोगांव नेऊन तेथील माणसांकडूनच, विशेषतः स्त्रियांकडून, जोडून घेतले. आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान व ओडिशा या राज्यांत मिळून दहा लक्ष दिवे मुलांच्या हातीं दिले. त्याच्याहि पूर्वीं, अंधेरी येथील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रांतील मोठी जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला, तो खेड्यांतील मुलांनीं हातानें वस्तु करीत शिकावें म्हणूनच. डाख देणें हें विहिरीवरचा पंप उघडून बसविण्यापेक्षां कठीण काम नव्हे.

सामानाकडे वळूं. अंधेरीच्या सीप्झ वसाहतींत १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक माल होतो खरा, परंतु तो परदेशीं धाडण्यासाठीं. किरकोळ गिऱ्हाइकानें डॉ. भडकमकर मार्ग, ज्यास लोक अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तेथें जावें. बोरिवली-अंधेरीकरांस ग्रँट रोड स्टेशन सरळ पडतें. मुलुंड-घाटकोपरकरांनीं दादरला गाडी बदलावी. घ्यावयाच्या वस्तु थोड्या आहेत. ईएसपी३२-एस३ या मायक्रोकंट्रोलरची एक फळी, आयएनएमपी४४१ जातीचा एक डिजिटल मायक्रोफोन, ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसविलेला एक वॅटचा पांढरा एलईडी, आयआरएलझेड४४एन हा मॉसफेट ट्रान्झिस्टर, ६.८ ओहमचा दोन वॅटचा एक रोधक, २२० ओहमचा व १० किलोओहमचा एकेक लहान रोधक, एक दाबबटण, एक साधा खटका, आणि पांच व्होल्टचा चांगल्यापैकीं ॲडॅप्टर.

मायक्रोफोनास सहा तारा असतात. व्हीडीडी ही फळीच्या ३.३ व्होल्टला जोडावी. पांच व्होल्टला जोडल्यास मायक्रोफोन जळतो. जीएनडी व एल-आर या दोन्ही जमिनीस, म्हणजे ऋण तारेस, जोडाव्या. एससीके, डब्ल्यूएस व एसडी या तीन फळीच्या मोकळ्या तीन टोंकांस जोडाव्या. मोकळीं टोंकें कोणतीं हें फळीबरोबर मिळणाऱ्या नकाशावरून पहावें, कारण कांहीं टोंकें फळीनें स्वतःसाठीं राखलेलीं असतात. एलईडी मात्र फळीच्या टोंकास थेट जोडूं नये. तें टोंक फार तर कांहीं मिलिअँपिअर देऊं शकतें, आणि आपल्या एलईडीस सुमारें ३०० लागतात. म्हणून मध्यें ट्रान्झिस्टर. फळीचें टोंक २२० ओहमांतून त्याच्या गेटला, गेटपासून १० किलोओहम जमिनीस, सोर्स जमिनीस आणि ड्रेन एलईडीच्या ऋण बाजूस. दहा किलोओहमचा तो रोधक पुष्कळ जण अनावश्यक समजून गाळतात; तो नसल्यास फळी जागी होत असतां दिवा मध्येंच लुकलुकतो. एलईडीवर सुमारें तीन व्होल्ट खर्च होतात व पांचांतील दोन उरतात, दोनास ६.८ नें भागलें म्हणजे जवळजवळ ०.३ अँपिअर येतो, असा तो हिशेब आहे. साधा खटका ड्रेन व सोर्स यांच्या दरम्यान अशा रीतीनें बसवावा कीं फळी बंद पडली तरी तो दाबून दिवा लागेल. हा खटका आम्ही ऐच्छिक मानीत नाहीं.

घरांतील २३० व्होल्टच्या तारेस या कामांत हात लावूं नये. मोठी नळी किंवा आंगणांतला दिवा याच फळीनें चालवावयाचा असेल तर रिले लागतो, आणि तें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें.

येथपर्यंतचें काम एका दुपारचें आहे. खरें काम यापुढें, आणि तें डाखेचें नव्हे, शब्दांचें आहे.

दिव्यास कोणता शब्द सांगावा? सहज सुचतात ते ‘लाव’ आणि ‘विझव’. विझव हा शब्द आपल्या घरांत दिव्याविषयीं उच्चारीत नाहींत. मालव, घालव, शांत कर असें म्हणतात. बरें, लाव आणि मालव घ्यावे, तर दोहोंचें शेपूट एकच. माणूस संदर्भानें ओळखतो. यंत्रास संदर्भ नाहीं, त्याला केवळ ध्वनीची आकृति दिसते, आणि ‘मालव’चा पूर्वार्ध वाऱ्यानें उडाला तर तो ‘लाव’च होतो. घालवचें तेंच. म्हणून शब्द असे निवडावे कीं त्यांचा आरंभ, मध्य व अंत परस्परांशीं जुळूं नये. आमची निवड अशी: लावण्यास ‘उजेड’, मंद करण्यास ‘निम्मा’, आणि घालविण्यास ‘मालव’. तिन्हींचीं तोंडें निराळीं, शेपटें निराळीं.

परंतु हे शब्द बोलण्यांत येतातच. म्हणून त्यांपूर्वीं दिव्यास हांक मारण्याचा एक शब्द हवा, जो ऐकल्यावर तो पुढचे तीन सेकंद लक्ष देईल व एरवीं देणार नाहीं. तो लांब असावा आणि रोजच्या बोलण्यांत नसावा. ‘दिवा’ ही हांक तर मुळींच नको. मुलुंडच्या घरांत हा शब्द दिव्यापेक्षां दिवा स्टेशनाविषयींच अधिक वेळां उच्चारला जातो. ‘दीपक’ म्हणावें तर शेजारीं एक दीपक असतोच. आम्ही ‘लामणदिवा’ सुचवितों. शब्द लांब आहे, एका सेकंदांत उच्चारून होतो, आणि देवघराबाहेर क्वचितच ऐकूं येतो.

आतां आवाज जमविणें. इंग्रजी शब्दांसाठीं गूगल कंपनीनें २०१८ सालीं जो सुधारलेला संग्रह सर्वांस खुला केला, त्यांत ३५ शब्दांचे २,६१८ माणसांनीं उच्चारलेले १,०५,८२९ नमुने आहेत. त्यांत आपले चार शब्द अर्थातच नाहींत. आपणांस एवढा पसारा नको, कारण आपला दिवा एका कुटुंबाचा आहे. पण त्या कुटुंबांतील कोणाहि माणसास वगळून चालणार नाहीं. येथेंच बहुतेक घरीं गफलत होते. लॅपटॉप चालविणारा मुलगा आपल्याच आवाजांत शंभर वेळां ‘उजेड’ म्हणतो, दिवा त्याच्यापुढें उत्तम चालतो, सर्वांची वाहवा होते; आणि आजी हांका मारमारून थकते. पुरुषाच्या आवाजावर शिकलेल्या यंत्रास बाईचा व मुलाचा चढा आवाज परका वाटतो. पहांटे सर्वांआधीं गोठ्यांत जाणारी घरची बाई किंवा गडी हाच दिव्याचा खरा धनी होय. त्याच्या आवाजापासून आरंभ करावा.

प्रत्येकानें प्रत्येक शब्द तीस वेळां तरी उच्चारावा, परंतु एका बैठकींत नव्हे. कांहीं नमुने सकाळच्या भरल्या गळ्यानें, कांहीं पडशाच्या दिवशीं, तंबाखू खाणाऱ्याचे तोंडांत बार असतां, कांहीं एका हातावरून व कांहीं दहा हातांवरून घ्यावे. उच्चार सुधारण्याच्या भरीस पडूं नये. कोणी ‘लामनदिवा’ म्हणेल, आगरी घरांत हेल वेगळा असेल, मालवणी सून शब्द निराळ्या ठिकाणीं ओढील, दांत नसलेल्या म्हाताऱ्याचा ‘ज’ निसटेल. ते सर्व जसेच्या तसे घ्यावे. यंत्रानें माणसाचें बोलणें शिकावयाचें आहे; माणसानें यंत्राचें नव्हे.

याच्याहून मोठा ढीग नकाराचा लागतो, आणि त्याकडे फारच थोडे लक्ष देतात. जे आवाज ऐकून दिव्यानें स्वस्थ रहावें, तेहि त्यास दाखवावे लागतात. शेतांत तण कोणतें हें न शिकविलेल्या माणसाच्या हातीं खुरपें देण्यासारखेंच तें आहे. उपनगरांतील खोलींत कुकरची शिट्टी, लोकलचा भोंगा, पंखा, घाटकोपर-अंधेरीवरून उतरणारीं विमानें, टीव्हीवरील मालिका, शेजारचें गुजराथी व हिंदी बोलणें, हें सर्व त्या ढिगांत पाहिजे. गोठ्यांत म्हशीचें रेकणें, पत्र्यावरचा पाऊस, कडबाकुट्टीचें यंत्र, रातकिडे, साखळीचा खळखळाट. शिवाय आपल्या शब्दांशीं जुळणारे शब्द: दिवा, लांबण, सामान, निमा, मालक, माल, उद्यां. आज्ञेच्या नमुन्यांच्या दुप्पट तरी हा नकार असावा.

नमुने जमल्यावर पांचांतील एक भाग बाजूस ठेवावा आणि शिकवणींत मुळींच वापरूं नये. बियाण्याची उगवण पाहण्यास शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळतात, तशी ही परीक्षा आहे. त्यांतहि आमची विशेष शिफारस अशी कीं, घरांतील एका माणसाचे सर्वच नमुने शिकवणीबाहेर ठेवून पहावे. दिव्यानें त्या न ऐकलेल्या माणसाचें ऐकलें, तर शिकवण मुरली असें समजावें. नाहीं तर त्यानें केवळ पाठांतर केलें.

यंत्र हे नमुने घेऊन करतें काय, हेंहि थोडक्यांत पाहूं. मायक्रोफोन एका सेकंदांत १६,००० वेळां हवेचा दाब मोजतो आणि प्रत्येक मोजणीस दोन बाइट लागतात. म्हणजे एका सेकंदाचा शब्द ३२,००० बाइटांचा. एवढ्या आंकड्यांतून शब्द ओळखणें अवघड. म्हणून त्या सेकंदाच्या तीस सहस्रांश सेकंदाच्या चकत्या पाडतात; प्रत्येक चकती मागचीहून वीस सहस्रांश पुढें सुरू होते. अशा ४९ चकत्या होतात. प्रत्येक चकतींत खर्जापासून तारापर्यंत ४० पट्ट्यांत किती जोर आहे हें मोजलें, कीं ४९ गुणिलें ४०, म्हणजे १,९६० चौकोनांचें एक चित्र तयार होतें. ‘उजेड’चें चित्र निराळें, ‘मालव’चें निराळें. पुढील काम चित्र ओळखण्याचें. त्यासाठीं जें गणिती जाळें असतें त्याचीं वजनें आरंभीं स्वैर असतात. नमुना दाखवावा, उत्तर चुकलें कीं वजनें किंचित् हलवावीं, असें हजारों वेळां करीत तीं स्थिर होतात. हें शिकविण्याचें काम लॅपटॉपवर टेन्सरफ्लो या मोफत साधनानें करतां येतें. शिकून झाल्यावर वजनें आठ बिटांच्या लहान आंकड्यांत आंखडून फळीवर चढवावयाचीं. याच साधनाबरोबर मिळणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांच्या नमुन्याच्या मॉडेलास अवघी सुमारें २० किलोबाइट जागा लागते. आपल्या फळीची चालती स्मृति ५१२ किलोबाइट आहे. चार शब्दांस जागा भरपूर.

एज इंपल्स यासारख्या संकेतस्थळांवर हीच शिकवण कमी खटपटींत होते. तथापि तेथें नमुने त्यांच्या संगणकावर चढवावे लागतात हें ध्यानांत ठेवावें. केवळ चार शब्द बाहेर गेले तर बिघडलें काय, असें कोणी म्हणेल, व तें वाजवीहि आहे. पण नकाराच्या ढिगांत घरचें बोलणें असतें. तो ढीग तरी घरच्याच लॅपटॉपवर ठेवावा. दिवा चालूं लागल्यावर मात्र कांहींच बाहेर जात नाहीं. फळींतील वायफाय कार्यक्रमांतच बंद करावें. मागील एका सेकंदाचे ३२,००० बाइट तेवढे स्मृतींत राहतात आणि पुढचा सेकंद त्यांवरच लिहिला जातो.

यंत्र ‘हो’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देत नाहीं. ‘हा उजेड असावा, शंभरांत ऐंशी’ असें देतें. किती गुणांस आज्ञा मानावी ही मर्यादा आपण ठरवावयाची. मर्यादा उतरविली तर दिवा उगाच लागतो, चढविली तर हांक ऐकत नाहीं. दोन्ही दोष एकदम जात नाहींत, आणि या ठिकाणीं सर्व आज्ञांस एकच मर्यादा ठेवण्याची जी रीत आहे ती आम्हांस पसंत नाहीं. दिवा उगाच लागला तर थोडी वीज जाते. पण माणूस कडबाकुट्टीच्या तोंडाशीं हात घालून असतां दिवा उगाच गेला, तर काय होईल तें लिहावयास नको. म्हणून ‘उजेड’ सत्तर गुणांस मानावा, ‘मालव’ नव्वदांस, आणि तोहि लागोपाठ तीन वेळां तेंच उत्तर आलें तर. शिवाय मालवतांना दिवा एकदम न जातां दहा सेकंदांत हळूहळू मंद व्हावा, व तेवढ्यांत कोणीहि ‘उजेड’ म्हटल्यास हांकेवांचून पुन्हां पूर्ण लागावा. हे आंकडे आरंभापुरते आहेत. आपल्या गोठ्यांतील गोंगाट पाहून बदलावे.

विजेचा हिशेब बारकाईनें करावा, कारण ऐकणें फुकट नसतें. वायफाय बंद असतां फळी व मायक्रोफोन मिळून अदमासें ५० मिलिअँपिअर घेतात असें धरलें, तर चोवीस तासांत १,२०० मिलिअँपिअर-तास केवळ कान उघडा ठेवण्यांत जातात. एलईडी चार तास लावला तर रूपांतरांतील घट धरून आणखी १,८०० जातात. ३.७ व्होल्टच्या २,६०० च्या एका लिथियम सेलास हें ओझें एक दिवसहि पेलत नाहीं. तेव्हां रोज ॲडॅप्टरवर चालवावें व दोन सेल जोडीनें केवळ वीज गेल्यावेळीं असावे. अथवा पांच वॅटची सौर पट्टी पत्र्यावर टाकावी. मात्र सौर पट्टीच्या भरंवशावर आषाढ-श्रावण काढतां येणार नाहीं. त्या दिवसांत फळीस झोंपवून दाबबटणानें जागी करण्याची सोय ठेवावी. बटण उंबऱ्याशीं, कोपरानें दाबतां येईल अशा उंचीवर. सेल घेतांना संरक्षक फळीसह नवे घ्यावे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले स्वस्त मिळतात, ते पेंढ्याच्या छपराखालीं कदापि ठेवूं नयेत.

दिवा प्रथम उपनगरांतल्या खोलींत पंधरा दिवस टांगून पहावा. कितीदां हांक वायां गेली व कितीदां तो आपण होऊन लागला, याची नोंद भिंतीवरील पंचांगावर करावी. टीव्हीच्या एखाद्या शब्दानें तो वारंवार फसत असेल तर तो शब्द नकाराच्या ढिगांत घालून पुन्हां शिकवावें. नंतर गांवीं न्यावा, आणि तेथें पुन्हां तीच परीक्षा. खोलींत शहाणा ठरलेला दिवा पत्र्याखालीं प्रतिध्वनीनें गोंधळतो, म्हणून गोठ्यांत घेतलेले नमुने त्यांत घातल्याखेरीज गत्यंतर नसतें. मायक्रोफोनाचें भोंक खालच्या बाजूस ठेवावें व त्यावर पातळ मलमलीचा तुकडा चिकटवावा. तसें न केल्यास पाणी तर शिरतेंच, पण कुंभारीण माशी त्या भोंकांत मातीचें घर बांधते आणि दिवा बहिरा कां झाला हें कोणास कळत नाहीं.

सर्व नमुने एका पेन ड्राइव्हवर उतरून सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटींत ठेवावे. नवी सून आली, गडी बदलला, मुलाचा आवाज फुटला, कीं त्याचे तीस तीस नमुने त्यांत मिळवून दिव्यास फिरून शिकवावें. हें काम मृगापूर्वीं, पत्रे शाकारतांना, उरकून घ्यावें.